खाडीसाठी हलकी कस्टम दांडी: स्टीलहेडचा ब्लँक चालेल का, आणि त्यावर रील कोणतं?

कालावलकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. खाडीच्या मुखाशी वाळूत उभं राहून आणि कधी खडपावरून (किनाऱ्याच्या खडकावरून) गळाने मासे गरवण्यासाठी एक हलकी स्पिनिंग दांडी स्वतः बांधायची आहे. तयार मिळतात त्या एकतर ७ फुटी आखूड, नाहीतर थेट १२ फुटी सर्फच्या. मधल्या लांबीत हलकं असं काही हाती लागत नाही.

मासे असे: रावस, पालू, किलो-दोन किलोपासून चारेक किलोपर्यंतची चोणक (रायगडकडे जिताडा म्हणतात तीच), आणि तिवराच्या कडेला तांबोशी. आमिष दोन प्रकारे लावणार. फ्लोटखाली जिवंत कोळंबी, किंवा ७ ते १४ ग्रॅमच्या जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गळावर) चार इंची शॅड, म्हणजे रबरी मासा. लाईन ब्रेडेड (विणलेली), जाडी पीई १.

अमेरिकेत स्टीलहेड माशासाठी वापरतात तो कार्बनचा ब्लँक (गाइड-मूठ न लावलेली नुसती दांडी) मागवता येतोय. लांबी ८ फूट ६ इंच, दोन तुकडे, ६–१० पौंड लाईन, फेकायचं वजन १/४ ते ५/८ औंस, अॅक्शन (वाकण्याची तऱ्हा) मॉडरेट-फास्ट, टिपटॉपची (टोकावरच्या कडीची) नळी ५.५ मापाची. त्याच मालिकेत ८–१२ पौंडांचा, ३/८ ते ३/४ औंसांचा दुसराही आहे. दोन्हींची किंमत जवळपास सारखी.

कोणता घ्यावा? रील २५०० आकाराचं की ४०००चं? आणि गाइड (लाईन ओवायच्या कड्या) खाऱ्या पाण्यात टिकतील असे कोणते?

---

तिवरसावली यांचं उत्तर

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन वाढणारा आणि अंडी घालायला नदीत परतणारा रेनबो ट्राउट. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नद्यांत तो चढतो. त्याच्या दांड्या लांब आणि टोकाला मऊ असतात, त्याला कारण आहे. वाहत्या पाण्यात फ्लोट सोडायचा, लाईन शक्य तितकी पाण्याबाहेर उचलून धरायची म्हणजे प्रवाह फ्लोटला ओढत नाही, आणि बारीक लीडरवर (लाईनच्या गळाकडच्या तुकड्यावर) मोठा मासा झटके मारत असताना टोकाने ते झटके सोसायचे. ओहोटीला खाडीच्या मुखातून पाणी सुटतं तेव्हा फ्लोटखाली कोळंबी सोडणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. म्हणून मोकळ्या पाण्यासाठी तुमची निवड योग्य दिशेने चालली आहे.

पण दोनपैकी कोणता ब्लँक, हे ठरवायला आधी वजनं मांडा. ५/८ औंस म्हणजे सुमारे १७.७ ग्रॅम. फ्लोट ६–७ ग्रॅम, खालचं शिसं ५ ग्रॅम, बऱ्यापैकी कोळंबी ४–५ ग्रॅम. बेरीज १५ ते १७ ग्रॅम झाली. म्हणजे तुमची रोजची मांडणीच हलक्या ब्लँकच्या वरच्या टोकाला टेकते. १४ ग्रॅमच्या जिगहेडवर चार इंची शॅड चढवला की त्या रबराचेच आणखी ८–१० ग्रॅम धरावे लागतात. हे २२–२४ ग्रॅम झाले, म्हणजे हलका ब्लँक ओलांडून गेले. बहुतेक जण फक्त जिगहेडवर लिहिलेला आकडा बघतात आणि रबर किंवा कोळंबी धरतच नाहीत. मग जोरात फेकताना ब्लँक बुंध्यापर्यंत वाकतो, सावरायला वेळ घेतो आणि फेक लांब जाण्याऐवजी आखूड पडते.

३/४ औंस म्हणजे २१ ग्रॅम. ८–१२ पौंडांचा ब्लँक तुमच्या फ्लोटच्या मांडणीला मधोमध बसतो. शॅडसाठी १० ग्रॅमचं जिगहेड ठेवा, १४चं क्वचित आणि सावकाश फेकीने वापरा. माझं मत स्पष्ट आहे: ८–१२ घ्या. गमावाल ते एवढंच, की ५–६ ग्रॅमची एकटी जिग आठ-दहा ग्रॅमच्या जिगइतकी सुरेख उडणार नाही. ज्याला फक्त पालू आणि काळुंदर हवेत त्याने ६–१० जरूर घ्यावा, तिथे तो रंगतो.

आता पौंडांविषयी. ब्लँकवर लिहिलेले पौंड मोनो (एकपदरी नायलॉन) लाईनचे असतात. १२ पौंड म्हणजे साधारण ५.४ किलो, ड्रॅग (ठरावीक ओढीला लाईन सुटू देणारा रीलचा ब्रेक) त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याला लावतात, म्हणजे १.३ ते १.८ किलो. पीई १ची लाईन नावाला वीस पौंडांच्या आसपास असते. तिच्या हिशेबाने कोणी ३ किलो ड्रॅग लावला तर लाईन तुटणार नाही, दांडी तुटेल. ब्रेडेड लाईन आल्यापासून हलक्या दांड्या मोडण्याचं हे मोठं कारण आहे. लाईन बारीक असल्याचा फायदा फेकीला आणि प्रवाहात कमी ओढ बसण्याला घ्या, ड्रॅग मात्र ब्लँकच्या आकड्यानेच लावा. आणि ब्रेडेड लाईन ताणत नाही, तो ताण देण्याचं काम मॉडरेट-फास्टचं मऊ टोक करतं. त्यामुळे फास्ट किंवा एक्स्ट्रा-फास्टच्या मागे लागू नका. कोळंबी अजून पुरती तोंडात गेलेली नसताना कडक टोक ती ओढून काढतं.

तांबोशी या दांडीतून वगळा. हा मासा आमिष घेतो तोच वळून मुळांकडे किंवा कालवांच्या खडकाकडे धावण्यासाठी. पहिल्या दोन-तीन मीटरांत थांबवला नाही तर लीडर कालवांवर घासून जातो. त्याला ४ किलोच्या पुढचा ड्रॅग, ४० पौंडांचा लीडर आणि ७ फुटी, बऱ्याच जास्त पौंडांचा, बुंध्याला ताकदवान ब्लँक लागतो. दांडी जितकी लांब तितकी तीच ओढ देण्यासाठी तुमच्या मनगटाला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून लांब दांडीने मासा मुळांपासून वळवता येत नाही. वरून तिवराच्या फांद्यांखाली ८.५ फूट फिरवायला जागाही नसते. दोन्ही कामं करणारी एकच दांडी बांधायला गेलात तर दोन्हीकडे अपुरी पडणारी दांडी तयार होईल.

आयएम६, आयएम७ या शिक्क्यांवर फार जाऊ नका. ती मुळात हेक्सेल कंपनीच्या कार्बन तंतूंची नावं आहेत, दर्जाची पट्टी नाही. तंतू किती, राळ किती, कापड कसं गुंडाळलंय यावर ब्लँक ठरतो. उंच मॉड्युलसचा (जास्त ताठ तंतूंचा) कार्बन हलका आणि चपळ असतो, पण खडपावर आपटल्याचा बारीकसा ओरखडाही त्याला पुरे होतो. खडपावर जायचं तर मधल्या मॉड्युलसचा ब्लँक सोयीचा.

ब्लँक आला की मोजून घ्या. अमेरिकेतल्या डॉ. विल्यम हॅनेमन यांनी 'कॉमन सेंट्स' नावाची पद्धत मांडली आहे, तीत एक सेंटची नाणी वजन म्हणून वापरतात. आपण पाणी वापरू. बुंधा टेबलाला आडवा पक्का धरा, टोकाला चिकटपट्टीचा फास करून हलकी प्लास्टिकची पिशवी अडकवा आणि टोक मूळ उंचीपासून लांबीच्या एक तृतीयांश, म्हणजे ८ फूट ६ इंचांसाठी ८६ सेंटीमीटर, खाली येईपर्यंत थोडं थोडं पाणी ओता. पिशवी काट्यावर ठेवा. तो आकडा म्हणजे ब्लँकची ताकद. त्याच वेळी टोक जमिनीशी किती कोन करतं तेही बघा. कोन जितका मोठा तितकी अॅक्शन फास्ट. हातात बसलेल्या एखाद्या जुन्या दांडीवर हेच करा, म्हणजे तुलना छापील आकड्यांशी न होता तुमच्या हाताशी होईल.

---

मालवणी_गरी

तिवरसावलीन बरोबर सांगल्यान. खडपार उभो रवान गरवतलस तर साडेआठ फूट बरी, लाईन कालवांच्या वरसून रवता. नऊच्या वर जाव नको, वाऱ्यात हात भरान येता.

एक लक्षात ठेव. मासो पायाकडे इलो काय दांडी उभी करू नको. सगळो भार टोकार येता आणि कार्बन थंयच मोडता. दांडी कमरेच्या बाजूक आडवी धर, दोन पावलां मागे सर, नेट पाण्यात आधीच बुडवन ठेव. जेटीवरसून मासो दांडयेन उचलूचो तर नायच.

---

खडपवाला_देवगड यांचं उत्तर

ब्लँकबद्दल वर नीट आलंय. रीलचं बघू.

लोक रील आधी घेतात आणि मग ब्लँक शोधतात. उलट करा. साडेआठ फुटी दांडीचं टोक लांब असल्याने ती पुढे झुकते. १९०–२०० ग्रॅमचं अतिहलकं रील लावलं तर दुकानात कौतुक वाटतं, पण तासभर फ्लोट उचलून धरल्यावर पुढच्या बोटांना कळतं. २४० ते २८० ग्रॅमचं रील या लांबीला चांगलं तोलतं. ब्लँकवर रील नुसतं टेपने बांधून, टोकाकडे गाइडच्या वजनाइतका टेप गुंडाळून बघा. रीलसीटच्या (मुठीतल्या रील बसवायच्या भागाच्या) पुढच्या टोकाच्या आसपास एका बोटावर दांडी तोलली पाहिजे. रीलसीट कुठे बसवायची आणि मागची मूठ किती लांब, हे याच चाचणीत ठरतं. पाण्यात उभं राहून गरवणाऱ्याला रीलच्या दांड्यापासून मागे ९ ते ११ इंच पुरतात. त्याहून लांब मूठ कपड्यात अडकते.

आकार: ३०००. पण ३००० दोन प्रकारचं असतं. शिमानोमध्ये आकड्याआधी सी आला तर बॉडी एक नंबर लहान, म्हणजे सी३००० ही २५००च्या बॉडीवर मोठी स्पूल (लाईन गुंडाळायची चकती). डायवाच्या एलटी मालिकेत आकड्यानंतर सी येतो, अर्थ तोच. तुमच्या ड्रॅगला लहान बॉडी पुरते. ४०००ची गरज वजन वाढवण्यापलीकडे दिसत नाही; शिवाय तिचा पाय जाड असला तर १६ नंबरच्या सीटच्या टोपणात नीट बसत नाही, आणि स्पूल मोठी असल्याने पहिला गाइडही मोठा घ्यावा लागतो.

गिअर ६:१च्या आसपास. स्पूल ४५ मिलिमीटर व्यासाची असेल तर ६.२ गिअरला एका फेऱ्यात ४५ × ३.१४ × ६.२, म्हणजे जवळपास ८८ सेंटीमीटर लाईन येते. फ्लोट प्रवाहासोबत तुमच्या दिशेने आला की मधली ढिली लाईन पटकन गोळा करता आली पाहिजे, नाहीतर माशाने घेतल्यावर तुम्ही हवेतच झटका मारता. ५:१ शॅड सावकाश ओढायला छान, पण इथे ते कमी पडतं.

ड्रॅगचा खोक्यावरचा आकडा विसरा. ९ किलो लिहिलंय की ११, तुम्ही १.८च्या वर जाणारच नाही. बघायचं ते हे, की ड्रॅग सुटताना अडखळतो का. लाईन गाइडमधून ओवून दांडी अर्धी वाकवा आणि सामान मोजायचा छोटा काटा लाईनला लावून हळू ओढा. सुटण्याच्या क्षणी काटा १.५ दाखवतो आणि चालू लागल्यावर १.१वर येतो, असं असेल तर त्या पहिल्या झटक्यालाच बारीक लीडर जातो. कार्बनच्या वॉशरला ड्रॅगचंच ग्रीस अगदी पातळ लावलं की हा फरक पुष्कळ कमी होतो. ड्रॅग नेहमी दांडी वाकलेल्या स्थितीत मोजा. गाइडमधलं घर्षण त्यात धरलं जातं.

खारं पाणी. वाळूत कंबरेइतक्या पाण्यात उभे राहणार असाल तर एखादी लाट रीलवर येणारच. पेन कंपनीच्या स्पिनफिशर सहाची सीलिंग आयपीएक्स५ दर्जाची (पाणी अडवण्याची पट्टी, आकडा मोठा तितकं चांगलं), स्लॅमर चारची आयपीएक्स६. दोन्ही मजबूत, पण वजनदार. या ब्लँकवर स्लॅमर जड होईल. डायवाच्या मॅगसीलमध्ये चुंबकावर धरलेलं तेल पाणी अडवतं. ते चांगलं चालतं, मात्र त्या भागात घरी तेल सोडायचं नाही, सील बिघडतं. सील नसलेलं रील घेतलंत तरी हरकत नाही, फक्त सर्व्हिस लवकर लवकर करावी लागेल. आधी जाम होतं ते लाईन रोलरचं बेअरिंग. ते फिरत नसेल तर ब्रेडेड लाईन एकाच जागी घासते आणि पीळही घेते. म्हणून दर वेळी रोलर बोटाने फिरवून बघा.

धुताना ड्रॅग घट्ट करा, नळाची धार बारीक ठेवा, बादलीत बुडवू नका. जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, म्हणजे वॉशर दबून राहत नाहीत.

स्पूलवर आधी मोनोचे काही वेढे किंवा एक फेरा टेप, मग ब्रेडेड. नाहीतर ब्रेडेडचा आख्खा गठ्ठा स्पूलवर फिरतो आणि ड्रॅग सुटतोय असं वाटत राहतं. पीई १चा व्यास ०.१६५ मिलिमीटर, १५० ते २०० मीटर पुरे. काठापासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरलेल्या स्पूलवरून वाऱ्यात एकदम चार वेढे सुटतात आणि पहिल्या गाइडवर गाठ होते.

लीडर रावस-पालूला २० पौंड फ्लुरोकार्बन, चोणकीला ३०. चोणकीच्या गालफडाच्या झाकणाची कड सुरीसारखी धारदार असते, त्यामुळे तिच्यासाठी बारीक लीडर लावून उपयोग नाही. आणि एक विनंती. चोणक आधी नर असते आणि वाढल्यावर मादी होते, म्हणजे मोठ्या बहुतेक माद्याच. हलक्या दांडीवर फार वेळ खेळवून दमवलेली मोठी मादी सोडली तरी तगण्याची शक्यता कमी होते. ती लागली तर ड्रॅग ब्लँकच्या परवानगीइतका पूर्ण लावा, लवकर जवळ घ्या आणि पाण्यातच गळ सोडवा.

---

धागा_इपॉक्सी यांचं उत्तर

गाइड आणि बांधणीचं मी सांगतो.

चौकटी टायटॅनियमच्या परवडल्या तर तेवढ्याच घ्या, गंज हा विषयच संपतो. नाहीतर जपानी फुजी कंपनीच्या स्टेनलेसच्या, आतली रिंग अल्कोनाइट किंवा एसआयसी (दोन्ही कठीण सिरॅमिक). स्टेनलेसचा गाइड गंजतो तो बहुधा पायाशी. पाय ब्लँकवर नीट बसावा म्हणून आपण तो कानसीने घासतो, तिथला चमकदार थर जातो, गाइड बांधलेल्या दोऱ्याखाली खारं पाणी झिरपतं आणि काही महिन्यांत दोऱ्यातून तांबूस डाग दिसू लागतो. घासलेला भाग आधी बारीक कागदाने गुळगुळीत करा आणि बांधण्याआधी इपॉक्सीचा पातळ हात द्या.

मांडणी फुजीच्या केआर पद्धतीची, म्हणजे मोठ्या गाइडवरून झटकन लहानांवर येणारी: पहिला २०, मग १०, मग ५.५, हे तिन्ही उंच पायांचे, आणि पुढे लहान. ८ फूट ६ इंचांना टिपटॉप सोडून ९ गाइड. केआरमध्ये पुढचे गाइड ५.५ किंवा त्याहून लहान लावतात, पण तुम्ही फ्लोट वापरणार आहात. सरकत्या फ्लोटला लाईनवर दोऱ्याची अडवणूक-गाठ लागते, आणि ३० पौंडांच्या लीडरची गाठही गाइडमधूनच जाते. रिंगवरचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, आतली वाट त्याहून बरीच कमी. म्हणून तुमच्या दांडीला तिसरा आणि त्यापुढचे सगळे गाइड ५.५ऐवजी ६चे घ्या. लीडरची गाठ एफजी बांधलीत तर ती सुरळीत जाते. डबल-युनी जाड होते आणि प्रत्येक फेकीला टकटक आपटते.

तिसरा गाइड कुठे? रील सीटवर लावा, स्पूलच्या मधल्या दांड्याची रेषा पुढे वाढवत न्या. सरळ लाकडी पट्टी धरली तरी चालते. ती रेषा ब्लँकला जिथे भेटते तिथे लाईन ब्लँकला टेकायला हवी. पहिले दोन गाइड रील आणि त्या बिंदूच्या मधे लाईनचा शंकू हळूहळू बारीक होईल असे ठेवा. उरलेले टेपने लावून लाईन ओवा, टोक एका जागी बांधून दांडी वाकवा. दोन गाइडांच्या मधे लाईन ब्लँकच्या वळणापासून फार दूर जाऊन कोन करत असेल तर त्यांना जवळ आणा. टोकाकडे अंतर कमी, मागे वाढत जाणारं. हे झाल्यावर तशाच टेप लावलेल्या दांडीने मैदानात शिसं बांधून फेकून बघा आणि मगच दोरा हातात घ्या.

स्पाइनबद्दल. जुनी शिकवण अशी की ब्लँकची कडक बाजू शोधून गाइड तिच्या हिशेबाने लावायचे. मी तसं करत नाही. स्पिनिंगमध्ये गाइड खाली लटकतात, तिथे दांडी पिळायचा प्रश्न फारसा येत नाही. त्याऐवजी ब्लँक डोळ्यासमोर धरून फिरवा, किंचित बाक असेल तर तो वर जाईल अशी बाजू निवडा. गाइडच्या वजनाने तो सरळ होतो.

जोड बुंध्यावर टोक चढणारा असेल तर बाहेरच्या तोंडावर २०–२५ मिलिमीटर दोरा गुंडाळून इपॉक्सी द्या, नाहीतर तोंड फाटतं. चढवल्यावर ५–६ मिलिमीटर बुंध्याचा भाग उघडा दिसायला हवा. झिजल्यावर आत सरकायला जागा राहते. वाळूच्या किनाऱ्यावर जोडात बारीक वाळू शिरते आणि ती कार्बन ओरखडते. जोडण्याआधी दोन्ही बाजू पुसा, वर्षातून काही वेळा साध्या मेणबत्तीचं मेण लावा.

रीलसीट १६ नंबरची, आत मास्किंग टेपचे वेढे नकोत. तो टेप पाणी पितो, कुजतो आणि सीट फिरू लागते. भिंतीच्या सांध्याला लावतात ती फायबरची जाळीची पट्टी वापरा. जाळीत इपॉक्सी शिरून घट्ट खांब तयार होतो. सीटला अॅल्युमिनियमचे भाग असतील तर ते कार्बनला थेट टेकू देऊ नका, मधे इपॉक्सीचा थर हवाच. खाऱ्या पाण्यात कार्बनला लागलेलं अॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजतं. टिपटॉप मात्र गरम गोंदाच्या कांडीने बसवा, म्हणजे पुढे बदलता येतो. ज्योत गोंदाला दाखवा, ब्लँकला नको.

मुठीला कॉर्क सुंदर दिसतो, पण पावसाळ्यात भेगांत बुरशी धरतो. घट्ट जातीचा इव्हीए फोम लावा.

---

कालावलकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ८–१२चा ब्लँक आणि ३०००ची लहान बॉडी पक्की केली. तांबोशीची वेगळी दांडी नंतर बघू.

एक अडचण. ब्लँक जुलैत हातात येईल. आपल्याकडच्या दमट हवेत दोऱ्यावरचं इपॉक्सी नीट वाळेल का? आणि फिरवायचं यंत्र नाही, त्याला काही पर्याय?

---

धागा_इपॉक्सी

वाळेल, पण उघड्या ओसरीत नको. जुलैत किनाऱ्यावर हवा ओली असते. त्या ओलीत इपॉक्सीच्या वर मेणचट, पांढुरका थर येतो आणि दुसरा हात त्यावर धरत नाही. लांब पुठ्ठ्याच्या खोक्यात आत एक जुन्या तारेचा ४० वॅटचा दिवा लावा, ब्लँकपासून फूटभर दूर. दोन तास आधी पेटवून खोकं कोरडं करा. दोराही त्यातच ठेवा, ओल धरलेल्या दोऱ्यात बुडबुडे राहतात.

उष्णतेने इपॉक्सी लवकर घट्ट होतं, म्हणून वाटीत ठेवू नका. मिसळल्यावर अॅल्युमिनियमच्या कागदावर पसरा. पातळ थरात उष्णता निघून जाते आणि हाताला वेळ मिळतो. प्रमाण आकारमानाने १:१, प्रत्येकी ३ मिलिलिटर. त्याहून कमी घेतलंत की एका थेंबाचीही चूक मोठी ठरते आणि काम कायमचं चिकट राहतं. सिरिंज दोन वेगळ्या घ्या, आणि रबरी दट्ट्याच्या नकोत. त्या रबराला सिलिकॉन लावलेलं असतं. ते इपॉक्सीत उतरलं की दोऱ्यावर गोल गोल उघडे डाग पडतात. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, फेटू नका.

दोरा ए नंबरचा. गाइडच्या पायावर चढण्याआधी ब्लँकवर पाच-सहा वेढे घ्या. पहिला हात इतका पातळ द्या की दोऱ्याची वीण दिसत राहील. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत झटकन एकदा खालून फिरवा, बुडबुडे फुटतात. चोवीस तासांनी दुसरा हात. जाड एकच हात दिला तर दांडी वाकताना गाइडच्या पायाशी तडा जातो आणि तिथूनच पाणी शिरतं.

फिरवण्यासाठी मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी २३० व्होल्टची मोटर घ्या, मिनिटाला ५–६ फेरे होतात, दुरुस्तीच्या दुकानात सुटी मिळते. तिला प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण चिकटवा, बुंधा त्यात स्पंजने घट्ट बसवा. दुसरं टोक खाच पाडलेल्या पुठ्ठ्यावर टेकवा. तारा उघड्या राहू देऊ नका, थेट विजेवर चालते ती. दोन्ही तुकडे वेगवेगळे फिरवा आणि चार-पाच तास बंद करू नका. आपल्याकडे पावसात वीज जाते. गेलीच तर घट्ट होईपर्यंत दर दोन मिनिटांनी हाताने अर्धा फेरा द्या.

पाण्यात नेण्याआधी आठवडा जाऊ द्या. नख रोवून बघा, खूण उमटली तर अजून थांबा.

---

खडपवाला_देवगड

धागांच्या म्हणण्यात एकच भर. दांडी ऑगस्टअखेर तयार होईल, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचं विजेचं वातावरण तुमच्या वाट्याला येईल. कार्बन वीज वाहून नेतो. ढग गडगडायला लागले की दांडी आडवी ठेवून वाळूवरून निघा, आणि खाडीवरून विजेच्या तारा गेल्या असतील तिथे साडेआठ फूट वर उचलून फेकू नका.

पहिल्या दिवशी ड्रॅग १.२ किलोला लावा. ब्लँकचं वळण बघत बघत १.८पर्यंत न्या.